वाचकांचे प्रश्न : वय, विसर आणि वर्षानुवर्षांच्या नोंदी

उतारवयातील स्मरणशक्तीविषयीचा लेख मागील अंकात प्रसिद्ध झाल्यानंतर बरीच पत्रे आली. त्यांपैकी सात पत्रांना येथे उत्तरे देत आहे. बहुतेक पत्रांच्या मुळाशी एकच धास्ती आहे: हे वयामुळे होते आहे, की काही निराळेच सुरू झाले आहे? एका दिवसाच्या तपासणीतून याचे उत्तर क्वचितच मिळते. त्याच माणसांना वीस-वीस, तीस-तीस वर्षे पुन्हा पुन्हा भेटून जे अभ्यास झाले, त्यांतून ते हळूहळू हाती येत गेले आहे, म्हणून मी शक्यतो त्याच अभ्यासांचा आधार घेतला आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत.

प्रश्न : माझे वय ६७ आहे. मी शाळेत शिकवत असे. अलीकडे ओळखीच्या माणसाचे नाव ऐन वेळी आठवत नाही आणि घरात कोणी ना कोणी ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून मोकळे होते. या म्हणीत तथ्य आहे का?

उत्तर : ही म्हण सहज उच्चारली जाते, पण ऐकणाऱ्याच्या मनाला ती किती लागते हे मी अनेकांच्या तोंडून ऐकले आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मानसशास्त्रही जवळपास असेच, किंबहुना याहून कठोर बोलत होते. वेगवेगळ्या वयांच्या माणसांची एकाच वेळी चाचणी घेतली की पंचविशीतले पुढे आणि सत्तरीतले मागे दिसत, आणि त्यावरून बुद्धीची उतरण ऐन तारुण्यातच सुरू होते असे मानले जाई. वॉर्नर शाय या मानसशास्त्रज्ञांनी १९५६ साली अमेरिकेतील सिएटल येथे ५०० प्रौढांची चाचणी घेतली तेव्हा त्यांनाही हेच दिसले. मात्र सात वर्षांनी त्यांनी त्याच माणसांना पुन्हा बोलावले, त्यानंतर पुन्हा सात वर्षांनी, आणि हा क्रम पुढे कित्येक दशके चालू राहिला. माणसाची तुलना दुसऱ्या पिढीतल्या माणसाशी न करता त्याच्या स्वतःच्याच जुन्या गुणांशी केल्यावर चित्र पालटले. बहुतेक क्षमता साठीच्या आसपासपर्यंत टिकून होत्या, काही तर मध्यमवयात वाढल्या होत्या, आणि ८१ व्या वर्षीदेखील आधीच्या सात वर्षांत निश्चित घसरण झालेल्यांची संख्या निम्म्याहून कमी होती. पूर्वी जो फरक वयाचा वाटत होता, त्याचा मोठा भाग पिढ्यांचा होता: सत्तरीतल्यांना शालेय शिक्षण कमी मिळाले होते आणि अशा चाचण्यांची सवयही नव्हती.

याचा अर्थ काहीच घटत नाही असा मात्र नाही. लंडनमधील सरकारी कर्मचाऱ्यांचा ‘व्हाइटहॉल’ अभ्यास १९८५ साली १०,३०८ जणांना घेऊन सुरू झाला. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार ४५ ते ४९ या वयोगटातही तर्कक्षमतेचे गुण दहा वर्षांत सरासरी ३.६ टक्क्यांनी उतरले होते. त्याच दहा वर्षांत शब्दसंपत्ती मात्र जशीच्या तशी होती. विचाराचा वेग आणि नवे चटकन टिपण्याची हातोटी लवकर मंदावते, भाषा आणि अनुभवाने आलेली जाण दीर्घकाळ टिकते. बुद्धी म्हणजे एकच एक दिवा नव्हे, तेव्हा तो साठीला विझतो हे म्हणणे मुळातच चुकीचे आहे.

आता नावांविषयी. एखादा गृहस्थ सुतारकाम करतो हे आपल्या लक्षात राहते, पण त्याचे आडनाव सुतार आहे हे तितक्या सहज राहत नाही. व्यवसायाला लाकूड, करवत, रंधा असे अनेक धागे जोडलेले असतात. आडनावाला तसा धागा नसतो, आणि म्हणून वयाबरोबर सर्वांत आधी नावेच हुलकावणी देऊ लागतात. नाव जिभेवर घोळत राहते आणि तासाभराने आपोआप आठवते, तेव्हा ते मेंदूत शाबूत होते, फक्त वेळेवर हाती आले नाही.

एका दीर्घ अभ्यासात चाचण्या घेण्याचे काम मी काही वर्षे केले. समोरच्या व्यक्तीला नदी, खुर्ची, पत्र असे दहा साधे शब्द सावकाश वाचून दाखवायचे, मग दुसऱ्याच कामात गुंतवायचे आणि काही मिनिटांनी ते शब्द पुन्हा विचारायचे. एका बाईंना चारच शब्द आठवले आणि त्या खट्टू झाल्या. मग वीस शब्दांची यादी पुढे ठेवली, तेव्हा त्यांनी आमच्या दहाही शब्दांवर न अडखळता बोट ठेवले. त्याच आठवड्यात एका गृहस्थांनाही चारच शब्द आठवले होते, परंतु यादी पुढे ठेवल्यावरही त्यांना उरलेले ओळखता येईनात, आणि जे शब्द मी उच्चारलेच नव्हते त्यांवर ते ठामपणे बोट ठेवत होते. दोघांच्या कागदावर अंक एकच, चार. पहिल्या ठिकाणी शब्द साठले होते, दुसऱ्या ठिकाणी ते साठलेच नव्हते. एवढ्यावरून निदान करता येत नाही, पण पुढे कोणाकडे अधिक लक्ष द्यायचे हे कळते. आपले पत्र वाचून मला त्या बाईंची आठवण झाली.

प्रश्न : माझ्या ७८ वर्षांच्या आईने अशाच एका अभ्यासात नाव नोंदवले आहे. तीन वर्षांनी झालेल्या दुसऱ्या चाचणीत तिला पहिल्यापेक्षा जास्त गुण मिळाले. तिची स्मरणशक्ती सुधारली असे समजायचे का?

उत्तर : आपल्या मातोश्रींचे अभिनंदन, पण गुण वाढले म्हणून स्मरणशक्ती सुधारली असे मी म्हणणार नाही. पहिल्या खेपेला अनोळखी खोली, अनोळखी माणूस आणि ‘मी चुकले तर?’ ही भीती असते, दुसऱ्या खेपेला यांतले काहीच उरत नाही. माझ्याकडे येणारे एक आजोबा खुर्चीत बसता बसताच विचारत, “आज पुन्हा घड्याळाचे चित्रच काढायचे ना? अकरा वाजून दहा मिनिटे?” चाचणीची अशी सवय होते आणि ती गुणांत उतरते. दीर्घ अभ्यासांपुढील ही मोठी अडचण आहे, कारण सवयीने मिळालेले दोन गुण वयाने गेलेले दोन गुण झाकून टाकू शकतात. म्हणून प्रत्येक फेरीत शब्दांची यादी बदलली जाते, आणि शाय यांनी केले त्याप्रमाणे प्रत्येक फेरीत त्याच वयाची, पण पूर्वी कधीही चाचणी न दिलेली नवी माणसेही घेतली जातात. जुन्या आणि नव्या गटांतील फरकावरून सवयीचा वाटा किती आणि वयाचा किती याचा अंदाज बांधता येतो.

दुसरी अडचण याहून अवघड आहे. दर फेरीला काही माणसे गळतात. कोणी दुसरीकडे राहायला जाते, कोणी आजारी पडते, कोणी दगावते, आणि ज्यांचे विस्मरण वाढले आहे ती माणसे तर हमखास येईनाशी होतात. उरलेल्यांची सरासरी त्यामुळे प्रत्यक्षापेक्षा चांगली दिसते. आलेल्यांचीच नोंद ठेवून थांबणारा अभ्यास म्हातारपणाविषयी नको इतके आशावादी बोलतो. चांगल्या अभ्यासाचे लोक म्हणूनच न आलेल्यांच्या घरी जातात, फोन करतात, नातेवाइकांशी बोलतात. आपल्या आईंना पुन्हा पुन्हा फोन येतो याचा कृपया त्रास मानू नका. पुढे कधी त्यांना जाणे नकोसे वाटू लागले, तर तेही अभ्यासकांना जरूर कळवा, कारण न येण्याचे कारण ही त्यांच्या दृष्टीने एक मोलाची नोंद असते.

प्रश्न : म्हातारपणी बुद्धी शाबूत राहणार की नाही हे लहानपणीच ठरलेले असते, असे वाचले. मग आयुष्यभराच्या वाचन-लेखनाला काय अर्थ?

उत्तर : हा समज बहुधा स्कॉटलंडमधील संशोधनातून आपल्यापर्यंत पोहोचला असावा. १ जून १९३२ रोजी तेथील १९२१ साली जन्मलेल्या जवळजवळ सगळ्या शाळकरी मुलांची, म्हणजे ८७,४९८ मुलांची, एकाच दिवशी एकच बुद्धिमापन चाचणी घेण्यात आली. त्या नोंदी पुढे कित्येक वर्षे कपाटात पडून होत्या. इयन डिअरी आणि लॉरेन्स व्हॅली या संशोधकांना त्यांचे मोल उमगले, आणि १ जून १९९८ रोजी, बरोबर ६६ वर्षांनी, त्यांनी ॲबर्डीन येथे त्याच मुलांपैकी १०१ जणांना, आता ७७ वर्षांच्या आजी-आजोबांना, तीच चाचणी पुन्हा दिली. लहानपणी ज्यांना जास्त गुण होते त्यांना साधारणपणे आताही जास्तच होते. उतारवयातील माणसामाणसांतल्या फरकांपैकी साधारण निम्मा भाग अकराव्या वर्षीच्या गुणांवरून सांगता येतो, असे या संशोधनातून पुढे आले.

निम्मा हा शब्द मात्र नीट वाचायला हवा. उरलेला निम्मा भाग मधल्या ६६ वर्षांचा आहे: शिक्षण, काम, आजार, व्यसने, सोबत, आणि थोडे नशीबही. शिवाय त्या १०१ जणांचे सरासरी गुण अकराव्या वर्षापेक्षा सत्त्याहत्तराव्या वर्षी जास्त होते, हे सांगायला लोक विसरतात.

याच्याशी जुळणारा दुसरा अभ्यास अमेरिकेतील ननचा आहे. डेव्हिड स्नोडन यांनी १९८६ साली त्याची सुरुवात केली आणि ‘स्कूल सिस्टर्स ऑफ नोत्र दाम’ या संघातील, ७५ वर्षांपुढच्या ६७८ नन त्यात सहभागी झाल्या. त्यांनी वरचेवर चाचण्या द्यायचे आणि मृत्यूनंतर मेंदू दान करायचे मान्य केले. राहणी सारखी, जेवण सारखे, कामेही बरीचशी सारखी, त्यामुळे इतर अभ्यासांत गोंधळ उडवणारे अनेक फरक येथे आपोआप गळून पडले. शिवाय संघात येताना, साधारण बाविसाव्या वर्षी, अनेकींनी स्वतःच्या हाताने आत्मवृत्त लिहून दिले होते आणि ते जपून ठेवलेले होते. संशोधकांनी त्यांपैकी ९३ जणींच्या आत्मवृत्तांत दर दहा शब्दांमागे किती कल्पना गुंफल्या आहेत हे मोजले. मराठीत मी असे उदाहरण देईन: ‘आम्ही सहा भावंडे. मी तिसरी. मला शाळा आवडे.’ हे एक लेखन, आणि ‘सहा भावंडांत तिसरी असल्याने मोठ्यांचे ऐकणे आणि धाकट्यांना सांभाळणे मला एकदमच शिकावे लागले, आणि शाळेचे चार तास तेवढे माझे स्वतःचे वाटत’ हे दुसरे. पहिल्या धाटणीचे विरळ लेखन करणाऱ्यांत सुमारे साठ वर्षांनंतर कमी गुण आणि अल्झायमर (स्मृतिभ्रंशाचा सर्वाधिक आढळणारा प्रकार) यांचे प्रमाण बरेच जास्त आढळले.

पण याच अभ्यासातील मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट वेगळी आहे. एक नन १०१ व्या वर्षी निवर्तल्या. अखेरपर्यंत त्यांचे चाचण्यांतील गुण उत्तम होते, आणि मेंदू तपासला तेव्हा त्यात अल्झायमरच्या खुणा, म्हणजे अमायलॉइड प्रथिनाचे थर आणि पेशींतील गुंते, भरपूर सापडले. आजाराच्या खुणा मेंदूत होत्या, पण वागण्या-बोलण्यात तो दिसला नाही. आजार सोसूनही काम चालू ठेवण्याच्या या ताकदीला संशोधक बौद्धिक राखीव साठा म्हणतात. शिक्षण, गुंतागुंतीचे काम आणि माणसांत मिसळणे यांतून तो वाढतो असे अनेक अभ्यास सुचवतात. तेव्हा वाचन-लेखन सोडू नका. ते आजाराला अडवेल अशी हमी मी देणार नाही, पण त्याचे परिणाम दिसायला लागण्याचा काळ लांबवण्याची शक्यता त्यात आहे.

प्रश्न : माझ्या वडिलांना ७४ व्या वर्षी स्मृतिभ्रंशाचे निदान झाले. त्याआधी चार-पाच वर्षे त्यांनी रोजचे फिरणे हळूहळू बंद केले होते. मी आग्रह धरला असता तर हे टळले असते का? हा विचार मनातून जात नाही.

उत्तर : आपले पत्र मी दोनदा वाचले. हा प्रश्न मला अनेक मुलामुलींनी विचारलेला आहे, आणि दीर्घ अभ्यासांनी याचे जे उत्तर दिले आहे ते आपल्याला आवर्जून सांगावेसे वाटते.

फिरणारी माणसे आणि न फिरणारी माणसे यांची चार-पाच वर्षांच्या अंतराने तुलना केली तर न फिरणाऱ्यांत स्मृतिभ्रंश जास्त दिसतो, आणि सहजच वाटते की फिरणे थांबले म्हणून आजार आला. वर उल्लेखलेल्या व्हाइटहॉल अभ्यासात मात्र हालचालींच्या नोंदी सरासरी सत्तावीस वर्षांच्या होत्या. २०१७ साली त्या उलट दिशेने, म्हणजे निदानाच्या दिवसापासून मागे मागे जात तपासल्या गेल्या. ज्यांना पुढे स्मृतिभ्रंश झाला त्यांची हालचाल निदानाच्या सुमारे नऊ वर्षे आधीपासून कमी होऊ लागली होती, आणि त्याहून मागे, मध्यमवयात, ते इतरांइतकेच हिंडते-फिरते होते. आजार आतून सुरू झाला होता आणि फिरण्यातला उत्साह मावळणे हे त्याचेच एक आरंभीचे लक्षण होते. निदानापूर्वी वजन घटणे, छंदांतून लक्ष उडणे, माणसांत जाणे टाळणे यांच्याबाबतही दीर्घ नोंदींत असाच क्रम दिसतो.

हे किती आधी सुरू होते याची कल्पना अनुवंशाने येणाऱ्या अल्झायमरच्या अभ्यासातून आली. हा प्रकार दुर्मीळ आहे, पण अशा कुटुंबांत आजार कोणत्या वयात प्रकट होईल याचा अंदाज बांधता येतो. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्या वयाच्या सुमारे २५ वर्षे आधी मज्जाद्रवातील, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या द्रवातील, अमायलॉइडचे प्रमाण बदलू लागते आणि सुमारे १५ वर्षे आधी मेंदूत त्याचे थर दिसू लागतात. वडिलांनी फिरायला जायचे टाळले त्या सकाळी आपण दारात उभे राहून कितीही आग्रह केला असता, तरी तोपर्यंत मेंदूतले काम बहुधा बरेच पुढे गेलेले होते. व्यायामाने रक्तदाब आणि हृदय सांभाळले जाते आणि त्याचा मेंदूला फायदा होतो, म्हणून तो प्रत्येकाने करावा. परंतु आपल्या हातून काही राहून गेले म्हणून वडिलांना हा आजार झाला, असे म्हणायला या नोंदींत आधार नाही. हे ओझे आपण खाली ठेवावे, ही मनापासून विनंती.

प्रश्न : ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता येतो असे सांगितले जाते. हे खरे का? मेंदूचे खेळ खेळावेत का?

उत्तर : हा आकडा ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञमंडळाने २०२४ साली दिला. कमी शिक्षण, ऐकू कमी येणे, उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, नैराश्य, एकटेपणा अशा १४ बाबी सगळ्या समाजातून समूळ काढून टाकता आल्या, तर जगातील ४५ टक्क्यांपर्यंत रुग्ण टळू शकतील किंवा त्यांचा आजार लांबेल, असा तो अंदाज आहे. तो समाजाचा हिशेब आहे. एखाद्या व्यक्तीने सर्व पथ्ये पाळली म्हणून तिचा धोका बरोबर ४५ टक्क्यांनी उतरतो असे नव्हे, आणि सर्व पथ्ये पाळूनही ज्यांना हा आजार होतो त्यांनी काही चूक केली असेही नव्हे. समाज बदलतो तेव्हा रुग्ण खरोखर कमी होतात याची खूण अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम येथे १९४८ पासून चाललेल्या अभ्यासात मिळाली: १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून तेथे नव्या रुग्णांचे प्रमाण दर दशकाला सरासरी २० टक्क्यांनी घटले, परंतु निदान शालान्त शिक्षण झालेल्यांतच. फिनलंडमध्ये ६० ते ७७ वयाच्या १,२६० जणांपैकी सुमारे निम्म्यांना आहार, व्यायाम, बौद्धिक सराव आणि रक्तदाब-साखरेवर लक्ष हे सारे दोन वर्षे एकत्र दिले, तेव्हा २०१५ साली जाहीर झालेल्या निकालांत त्यांचे गुण तुलनेच्या गटापेक्षा अधिक सुधारलेले दिसले.

मेंदूच्या खेळांनी बहुतांशी तोच खेळ चांगला जमू लागतो. आवडत असतील तर खेळा, पण त्याआधी रक्तदाब मोजा आणि कान तपासून घ्या.

प्रश्न : आजी कधी शाळेत गेली नाही. तपासणीत तिला एक वाक्य लिहायला सांगितले. ते तिला कसे जमणार? हा अन्याय नाही का?

उत्तर : अन्याय आहे, आणि संशोधनानेही तो मान्य केला आहे. शाळा-कॉलेज झालेल्यांसाठी बेतलेली चाचणी निरक्षर माणसाला दिली की ती आठवणीचे नव्हे, शाळेचे मोजमाप करते. हरियाणातील बल्लभगड येथील अभ्यासासाठी १९९० च्या दशकात अशा चाचणीचे हिंदी रूप घडवले गेले, तेव्हा लिहिण्या-वाचण्यावर अवलंबून असलेले प्रश्न बदलून अक्षरओळख नसलेल्यालाही देता येतील असे प्रश्न घालण्यात आले. भारतातील वृद्धांच्या दीर्घकालीन अभ्यासाचा स्मृतिभ्रंशाविषयीचा जो भाग आहे, त्यात तर चाचणीबरोबर जवळच्या नातेवाइकाची सविस्तर मुलाखतही घेतात. त्याच अभ्यासावरून २०२३ साली साठीपुढील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख भारतीयांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज मांडला गेला. आपल्या आजींच्या कागदावरील गुणांपेक्षा त्या पूर्वी काय लीलया करत आणि आता कोठे अडतात, हे डॉक्टरांना सांगा, आणि शिक्षण विचारात घेऊन गुण मोजले का, हेही विचारा.

प्रश्न : डॉक्टरांकडे नेमके कधी जावे?

उत्तर : किल्ली कोठे ठेवली हे विसरणे वेगळे आणि किल्लीचे काय करायचे हे न सुचणे वेगळे. तोच प्रश्न थोड्या वेळात पुन्हा पुन्हा विचारणे, ओळखीच्या रस्त्यावर चुकणे, वर्षानुवर्षे केलेल्या पैशांच्या हिशेबात गोंधळ होणे, स्वभावात ठळक बदल होणे, यांपैकी काही दिसले तर थांबू नये. त्या व्यक्तीला स्वतःला काहीच वावगे वाटत नसेल आणि घरच्यांना मात्र काळजी वाटत असेल, तर अधिकच तातडी करावी. थायरॉइडची कमतरता, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, नैराश्य, अपुरी झोप आणि काही औषधे यांमुळेही विस्मरण होते, आणि उपचारांनी ते बरेचदा सुधारते.

जाताना एक कागद सोबत न्यावा. त्यावर कोणता बदल कोणत्या महिन्यात प्रथम लक्षात आला, त्यापूर्वी ती गोष्ट ही व्यक्ती कशी करत असे आणि आता कशी करते, हे तारखांसह लिहावे. चालू असलेल्या सर्व औषधांची नावेही लिहावीत, झोपेच्या आणि ॲलर्जीच्या गोळ्यांसकट. पुढच्या भेटीपूर्वी त्याच कागदावर नव्या तारखेने पुन्हा नोंद करावी, आणि जुना कागद टाकून देऊ नये.